उजवीकडची खालची दाढ

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. जयपूरला बदली होऊन सव्वा वर्ष झालं, लिहून ठेवावं असं काही घडलं नव्हतं. आज घडलं. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

मीनाक्षीची दाढ दुखतेय. उजवीकडची, खालची. शुक्रवारी चहा पिताना तिने एकदम गालाला हात लावला, तेव्हा मला कळलं. आमच्या लेकीने, सावनीने लगेच फोनवरून वैशाली नगरातल्या एका दंतवैद्याची वेळ घेतली. पोरीला इथेच नोकरी लागली, मैत्रिणीबरोबर तिकडे फ्लॅट घेऊन राहते, त्यामुळे तिला सगळं जग वैशाली नगरातच दिसतं. आमच्या दुर्गापुऱ्याहून टॅक्सी करून गेलो.

दवाखाना कसला, दागिन्यांचं दुकान! काचेच्या टाकीत मासे, अत्तराचा वास आणि कोट घातलेली एक मुलगी हातात टॅबलेट घेऊन उभी. डॉक्टरने पाच मिनिटं तोंडात पाहिलं, एक्स-रे काढला, आणि पुढचं बोलणं त्या मुलीकडे सोपवून तो दुसऱ्या खुर्चीकडे गेला. मुलगी म्हणाली, "सर, मैडम की पूरी स्माइल डिज़ाइन करनी पड़ेगी।" मग बोटाने पडदा सरकवत यादी दाखवायला लागली. एक रूट कनाल, तीन कॅप, वरचे पुढचे दात पांढरे करणं, डावीकडे दोन कृत्रिम दात. आजच सुरू केलं तर सवलत!

मी विचारलं, "दाढ़ एक दुख रही है, बाकी दाँतों ने क्या गुनाह किया है?" ती हसली. हसली!

सत्तावीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात आहे मी. न लावलेल्या सलाइनची बिलं पाहिली आहेत, कधी दाखलच न झालेल्या पेशंटांची डिस्चार्ज कार्डं पाहिली आहेत. माणसाच्या तोंडात बत्तीस दात म्हणजे या लोकांना बत्तीस गिऱ्हाइकं वाटतात. उठलो.

तेवढ्यात तो डॉक्टर परत आला आणि म्हणाला, "बाकी सब आप आराम से सोच लीजिए। पर ये नीचे वाली दाढ़ मत छोड़िए। सड़न नस तक पहुँच गई है।" मासा सुटतोय असं दिसल्यावर गळ ढिला करायची ही रीत मला नवी नाही. मीना म्हणाली, "अहो, ही एक तरी करून घेऊ या का?" मी म्हटलं, "ऊठ." एक्स-रेसुद्धा मागितला नाही. त्यांच्या कागदाला कोण विचारतो!

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उठलो तर मीना बैठकीच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली. "आडवं पडलं की ठणकतं," म्हणाली. कानापर्यंत जातंय म्हणे. त्या डॉक्टरने टोचून टोचून जास्त केलं असणार, दुसरं काय? लवंगेचं तेल लावलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

ऑफिसातून येताना स्टेशनच्या रस्त्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. त्याने चिठ्ठी-बिठ्ठी न मागता दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, एक दुखण्यावर आणि एक आतल्या जंतूंवर. "पाँच दिन दीजिए, अंकलजी।" सरळ माणूस. ना मासे, ना अत्तर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मीनाला बरंच बरं आहे. गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणाली, म्हणून जंतूंच्या गोळ्या मीच आज बंद करायला लावल्या. उगाच पोटात विष कशाला?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुखणं पूर्ण थांबलं!

हे ठळक लिहून ठेवतो. रूट कनाल नाही, कॅप नाही, लवंग आणि चार गोळ्या. मी मीनाला दोनदा विचारून खात्री केली. ती म्हणाली, "दुखत नाही. पण गरम-गार काहीच लागत नाही त्या दाढेला. लाकडाची झाल्यासारखी वाटते." मी म्हटलं, उत्तमच की, आता आइस्क्रीम खा.

त्या क्लिनिकला इंटरनेटवर एक तारा दिला आणि हिंदीत सोळा ओळी लिहिल्या. आतापर्यंत तेवीस लोकांना ते उपयुक्त वाटलं आहे. लोक किती पिडलेले आहेत बघा.

७ डिसेंबर, रविवार

सावनी जेवायला आली होती आणि दिवस नासवून गेली.

मीनाच्या हिरडीवर तांदळाएवढी पुळी आली आहे. मधूनमधून फुटते आणि तोंडाला घाण चव येते, एवढंच. मीना ते मला बोलली नव्हती, पोरीला बोलली. झालं! सावनी माझ्यावरच घसरली. "बाबा, मतलब तुम्ही समजतच नाही. पस आहे तो! रूट कनाल करायलाच पाहिजे होता."

"दुखत नाहीये तिला."

"दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं थोडी असतं!"

"तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

"आणि तुम्ही कधीपासून झाले? आईचं तोंड आहे बाबा, तुमचं ऑफिस नाही."

ही भाषा! ज्या पोरीला भोपाळ, लखनौ अशा दोन शहरांतल्या शाळांत फरफटत नेऊन शिकवलं, तिने बापाला जेवणाच्या पानावर हे ऐकवावं? मी ताट सारून उठलो. मीनाने ताटं उचलली. तिने माझी बाजू घेतली नाही. पोरीचीही घेतली नाही.

जेवणाबद्दलही लिहून ठेवतो. महिनाभर घरात भाकरी झालेली नाही. रोज मऊ भात, नाहीतर खिचडी. विचारलं तर म्हणे, "थंडीत तेच बरं वाटतं." सांगलीच्या माणसाने जयपुरात येऊन पेज खायची, असे दिवस आलेत.

२१ डिसेंबर, रविवार

मीनाचा उजवा गाल सुजला आहे. परवा गच्चीत वाऱ्यात कपडे वाळत घालत बसली होती, तरी मी सांगत होतो डोक्याला काही बांध म्हणून. इथली थंडी म्हणजे सुरी आहे. तव्यावर खडे मीठ गरम करून फडक्याच्या पुरचुंडीने चांगलं शेकलं. औषधवाल्याकडून त्याच गोळ्या परत आणल्या. सावनीला कळवू नको असं मीनाला सांगितलं, उगाच तमाशा नको.

२३ डिसेंबर, मंगळवार

सूज गालावरून खाली आली आहे, जबड्याखाली, गळ्याकडे. म्हणजे उतरतेय.

अंगात थोडा ताप आहे. तोंड फारसं उघडत नाही, एक बोट जेमतेम जातं. बोलते ते तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं वाटतं, मला दोनदा विचारावं लागतं. संध्याकाळी म्हणाली, "दवाखान्यात नेता का?" मी म्हटलं, उद्या हेड ऑफिसचे ऑडिटवाले आहेत, परवा नाताळची सुट्टी, परवा सावकाश जाऊ. ती नुसती माझ्याकडे बघत बसली. आजारी माणसाने एवढं रोखून बघू नये, समोरच्याचा जीव घाबरा होतो.

२५ डिसेंबर, गुरुवार

सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. काल लिहिता आलं नाही.

काल चार वाजता ऑडिट आटपून घरी आलो तर दाराला कुलूप. फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, दुपारी एकटीच ऑटोत बसून गेली, तोंडाला टॉवेल होता. मला आधी रागच आला. नवऱ्याला एक शब्द न सांगता, तापात, एकटी? कुठे गेली असेल म्हणून दारातच उभा राहून बडबडत होतो, तोवर सावनीचा फोन आला. ती रडत नव्हती. थंड आवाजात वॉर्डचं नाव सांगून तिने फोन ठेवला.

मीनाने कागदावर हिंदीत लिहून ऑटोवाल्याला दिलं होतं: "बड़ा अस्पताल। दाँत। निगल नहीं पा रही हूँ।" तो भला माणूस ऑटो दारात लावून आत धावला, चाकाची खुर्ची घेऊन आला आणि सावनी येईपर्यंत हलला नाही म्हणे. मी पोचलो तेव्हा निघून गेला होता. त्याचं नावही कुणी विचारलं नाही.

मीना पुढे वाकून बसली होती. लाळ टॉवेलवर गळत होती, कारण ती गिळता येत नव्हती. दोन दिवसांपूर्वी ही बाई मला वरण वाढत होती. तिच्याजवळ उभ्या होत्या डॉक्टर पारीक, चाळिशीच्या, उंच, बोलायला तुटक. ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलं, "तकलीफ़ कब से है?"

मी म्हटलं, "तीन-चार दिन से।"

मी असं का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. सूज तीन-चार दिवसांची होती, आणि तोंडून ते निघून गेलं. मीनाने मान हलवली. सावनीच्या हातातलं पेन घेतलं आणि केसपेपरच्या कडेला लिहिलं: "दिवाली से।"

दिवाळीपासून! मला तर नोव्हेंबरच्या चौदा तारखेला कळलं होतं. म्हणजे त्याआधी जवळजवळ महिनाभर ती चकल्या तळत होती, लाडू वळत होती, माझ्या ऑफिसच्या लोकांना फराळ वाढत होती, आणि तिची दाढ दुखत होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर खोटी बिलं घेऊन बसलेल्या लोकांकडे मी जसं बघतो तसं पाहिलं.

जबड्याखाली चिरून पू काढला, नळी ठेवली, दाढ उपटली. गळ्यातून श्वासासाठी नळी घालावी लागेल की काय अशी वेळ आली होती, ती टळली. आता झोपली आहे. सावनी आत बसली आहे. एकाच माणसाला आत बसू देतात. मी बसतो म्हटलं तर म्हणाली, "नको बाबा."

२७ डिसेंबर, शनिवार

आज डॉ. पारीक यांच्याशी माझं वाजलं.

मीच सुरुवात केली. म्हटलं, एका दाढेपायी माणूस मरायला टेकतो, हे लोकांना कुणी सांगत का नाही? तो औषधवाला डॉक्टरची चिठ्ठी नसताना गोळ्या वाटतो, त्याला कुणी पकडत का नाही? तो वैशाली नगरवाला एका दाढेसाठी अख्खं तोंड विकायला काढतो, त्याचं काय? मग आमच्यासारख्याने भरवसा ठेवायचा तरी कुणावर? माझा आवाज चढला असावा, कारण नर्सने दाराकडे पाहिलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वैशाली नगर वाले ने इस दाढ़ के लिए क्या कहा था?"

मी सांगितलं. ही दाढ सोडू नका, कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आहे, असं म्हणाला होता.

"तो सच कहा था।"

"पर बाकी छह चीज़ें..."

"बाकी छह को मना कर देते। ये एक करवा लेते। उस दिन रूट कनाल हो जाता, तो दाढ़ भी बच जाती।"

मग मला त्यांनी समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. दाढेच्या आत नस असते. कीड तिथवर गेली की ठणका लागतो, आडवं झालं की वाढतो. गोळ्या दुखणं दाबतात, कीड काढत नाहीत. आणि जंतूंच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर आग नुसती राखेखाली जाते. मी म्हटलं, पण दुखणं थांबलं होतं, पूर्ण थांबलं होतं! त्या म्हणाल्या, "दर्द बंद हुआ, मतलब नस मर गई थी। बीमारी नहीं मरी थी। वो नीचे हड्डी में चली गई।" हिरडीवरची पुळी म्हणजे आतल्या पुवाने शोधलेली वाट. ती वाट बंद झाली तेव्हा पू गळ्याकडे उतरला.

"और सेंक किसने दिया था?"

मला पुरचुंडीतलं गरम मीठ आठवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाहेर येऊन चहा घेतला. सगळ्यांवर संतापून झालं. त्या मुलीच्या टॅबलेटवर, औषधवाल्यावर, जयपूरच्या थंडीवर. आता कुणी उरलं नाही. जो उरला आहे त्याच्यावर रागवायची मला सवय नाही.

डायरीची मागची पानं वाचली. "म्हणजे उतरतेय" असं लिहिलं आहे मी. माझ्याच अक्षरात.

ती सोळा ओळींची तक्रार काढून टाकावी असं वाटलं. मग वाटलं, का? त्यांनी सहा गोष्टी गळ्यात मारायचा प्रयत्न केलाच होता. शेवटी ती ठेवली, आणि खाली लिहिलं की एका दाढेबद्दल डॉक्टर खरं बोलले होते आणि मी ऐकलं नाही. ते अजून कुणाला उपयुक्त वाटलेलं नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

मीनाला घरी आणलं. जबड्याखाली दोन इंचांची पट्टी आहे. तोंड दोन बोटं उघडतं, रोज थोडं थोडं उघडायचा व्यायाम दिला आहे. सावनी आठ दिवस इथून काम करणार आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मी मुगाचं सूप केलं. मीठ जास्त झालं. मीनाने दोन चमचे घेतले आणि वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस ना, दिवाळीपासून दुखतंय म्हणून. मी काय नाही म्हटलं असतं?"

तेव्हा ती बोलली. शब्द अजून जड येतात, थांबून थांबून बोलते, पण त्या थांबण्यामुळे प्रत्येक शब्द जास्तच लागतो.

"सांगितलं होतं. वसुबारसेला. तुम्ही म्हणालात, गोड कमी खा."

मला अजिबात आठवत नाही.

"क्लिनिकात म्हटलं, ही एक करू या. तुम्ही म्हणालात, ऊठ. लोक बघत होते. मी उठले. गेल्या मंगळवारी म्हटलं, दवाखान्यात न्या. तुम्हाला ऑडिट होतं." तिने श्वास घेतला. "माझ्या दाढेवर तुम्ही सगळ्यांशी भांडलात. मला नाही विचारलंत, किती दुखतंय."

"अगं विचारलं की. दोनदा विचारलं, थांबलं का म्हणून."

"थांबलं का ते विचारलंत."

सावनी दारात उभी होती. मला वाटलं, ती आईला आवरेल. उलट ती आत येऊन आईच्या पायाशी बसली.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

तपासणीसाठी मीनाला डॉ. पारीक यांच्याकडे नेलं. गच्च्यांवर पतंग सुरू झालेत, टोंक रोडभर पोरं मान वर करून पळताहेत. मीनाने टॅक्सीची काच खाली करून बघितलं. टाके काढून झाले, तोंडही पुरतं उघडतं आता.

डॉक्टरांनी नवीन एक्स-रे पाहून सांगितलं, वरची एक दाढ भरायला हवी, आणि डावीकडच्या एकीवर नुसती नजर ठेवू, आज तिला हात लावायची गरज नाही. काढलेल्या दाढेच्या जागी काय करायचं ते तीन महिन्यांनी बघू, घाई नाही. मला वाटलं, डॉक्टर म्हणावं तर अशी. तरी सवयीने तोंडातून गेलंच, "वरची भरायलाच हवी का, की..."

मीनाने मान वळवली. "तुम्ही बाहेर बसा," म्हणाली. डॉक्टरांसमोर, मराठीत, पण डॉक्टरांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं.

बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागलं नव्हतं. मीना आत बोलत होती, हिंदीत, न थांबता. एकतीस वर्षांत मी तिला एवढं सलग बोलताना ऐकलेलं नाही. भोपाळला असल्यापासून ती डाव्या बाजूनेच चावते. थंड पाणी गिळण्याआधी ते तोंडात धरून कोमट करते. नोव्हेंबरात उजव्या कुशीवर वळता येत नव्हतं, कानशिलात घण घातल्यासारखं व्हायचं. आणि त्या मंगळवारी तिला वाटलं होतं की आपण आता सकाळ पाहत नाही, म्हणून तिने कपाटातल्या माझ्या गरम कपड्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या, कुठलं कुठे आहे ते मला सापडावं म्हणून.

आज घरी येऊन कपाट उघडलं. चिठ्ठ्या आहेत. मफलर, लोकरी मोजे, बिनबाह्यांचा स्वेटर. मी गेले पंधरा दिवस तेच कपडे घालतोय. चिठ्ठ्या मला दिसल्या नव्हत्या.

११ जानेवारी, रविवार

सावनी सकाळी तिच्या फ्लॅटवर गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फोन करेन. आईला." मग जिन्यावरून परत वर आली आणि म्हणाली, "तुम्हाला पण."

दुपारी गच्चीवर उन्हात खुर्च्या टाकल्या. बराच वेळ मनाची तयारी करून मी मीनाला विचारलं, "अजून दुखतं का?"

ती म्हणाली, "दाढ नाही दुखत."

मला तिथेच थांबता आलं असतं. नोव्हेंबरात थांबलो असतो, लिहिलं असतं की दुखणं थांबलं. मी विचारलं, "मग काय दुखतं?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतोय का हे पडताळल्यासारखं. मग सांगायला लागली. ऊन खुर्चीवरून भिंतीवर गेलं तरी सांगत होती. सगळं चिडूनच सांगत होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. मी एकदाच मध्ये म्हटलं, "पण तेव्हा परिस्थिती अशी होती की...", तर ती थांबली. मी तोंड मिटलं. मग पुढे बोलली.

ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.